मालवण-तारकर्लीला जाताय? या चुका टाळा

मालवणला जाणाऱ्या बऱ्याच जणांचा प्लॅन घड्याळावर असतो, दहाला किल्ला, बाराला स्कुबा, तीनला त्सुनामी आयलंड, आणि तिथे पोचल्यावर कळतं की आयलंडवर कंबरभर पाणी आहे, पाणी गढूळ आहे म्हणून खाली काही दिसत नाहीये आणि वारा सुटलाय म्हणून बोटवाला नको म्हणतोय. मग सगळे बोटवाल्यावर चिडतात. पण तिकडे दिवस चालतो भरती-ओहोटीवर आणि वाऱ्यावर, त्यामुळे आधी समुद्राची वेळ बघायची आणि मग आपली ठरवायची, बाकी बहुतेक गडबडी आपोआप टळतात.

त्सुनामी आयलंडचंच घ्या. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथला तो वाळूचा पट्टा आहे, ओहोटीला वर येतो, भरतीला पाण्याखाली जातो. भरतीची वेळ काढायचा आपल्याकडचा जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट करा. अष्टमीला आठची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती, आणि त्याच्या साधारण सहा तास पुढे-मागे ओहोटी, म्हणजे दुपारी बाराच्या आसपास वाळू उघडी मिळायची शक्यता जास्त. पौर्णिमा-अमावास्येला उलटं, पंधराची पाऊणपट सव्वा अकरा, तेव्हा दुपारच्या आधी उधाणाचं पाणी असतं आणि संध्याकाळी ओहोटी. शिवाय भरती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते, त्यामुळे मित्र मागच्या आठवड्यात अकराला गेला होता म्हणून आपणही अकराला जायचं याला काही अर्थ नाही. हा हिशोब अंदाजापुरता, थोडा मागेपुढे होतो, पक्की वेळ आदल्या संध्याकाळी होमस्टेवाल्या काकांना नाहीतर बोटवाल्या दादांना विचारा, त्यांना तोंडपाठ असते.

वाऱ्याचंही तसंच. सकाळी समुद्र शांत असतो, दुपारी खारं वारं सुटलं की लाटा वाढतात. डॉल्फिन, स्कुबा, किल्ला हे सगळं सकाळी उरकायचं आणि दुपार जेवण-झोपेला ठेवायची. बोट लागत असेल तर गोळी बोटीत बसायच्या अर्धा-एक तास आधी घ्या, उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही.

आता स्कुबा, कारण सगळ्यात जास्त निराशा इथे होते. तिकडे पर्यटकांना जे मिळतं ते बहुतेक वेळा उथळ पाण्यातलं ट्राय डाइव्ह असतं, पोहता यायची गरज नसते, इन्स्ट्रक्टर तुम्हाला धरून खाली नेतो. पाणी त्यातल्या त्यात नितळ मिळतं नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. सगळ्यात कॉमन चूक म्हणजे खाली गेल्यावर मजा येतेय म्हणून अंगठा वर करून दाखवणं. पाण्याखाली अंगठा वर म्हणजे 'मला वर न्या', आणि तो बिचारा लगेच वर आणतो. सगळं ठीक आहे हे सांगायला अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. कान दुखायला लागला तर सहन करत खाली जाऊ नका, नाक चिमटीत धरून हळूच हवा ढकला, तरी कान मोकळा झाला नाही तर खूण करून थोडं वर या. जोर लावून फुंकायचं नाही, कानाला इजा होते. सर्दी असेल तर त्या दिवशी स्कुबा सोडाच. दमा, हृदयाचा त्रास, प्रेग्नन्सी यातलं काही असेल तर लपवून पाण्यात उतरू नका. सुरमईची भरगच्च थाळी खाऊन तर अजिबात नको. आणि चिपी (सिंधुदुर्ग) किंवा मोपा (गोवा) विमानतळाहून त्याच दिवशीची फ्लाइट असेल तर आधी विचार करा, एका डाइव्हनंतर निदान १२ तास आणि जास्त डाइव्ह केले तर १८ तास विमानात बसू नये असा डायव्हिंगमधला नियम आहे. म्हणून स्कुबा पहिल्या दिवशी ठेवा, शेवटच्या नाही.

मेच्या शेवटी जाणाऱ्यांनी हे नीट वाचा. पावसाळ्यात किल्ल्याची बोट आणि वॉटर स्पोर्ट्स बंद असतात, आणि बंद व्हायच्या आधीचे ते शेवटचे दिवस समुद्र भरवशाचा नसतो. २४ मे २०२२ ला तारकर्लीजवळ स्कुबाहून परत येणारी बोट उलटली, दोघांचा जीव गेला. लाइफ जॅकेट फोटोपुरतं घालू नका, बकल लावलेलं हवं आणि परत येतानाही अंगावर हवं. बोटीत माणसं जास्त वाटली तर उतरा, पैसे गेले तर जाऊदेत.

पोहण्याचं पण. किनारा शांत दिसतो म्हणून लोक आत आत जातात. एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावच्या कॉलेजच्या सहलीतले आठ जण बुडाले. गावातला माणूस 'इथे उतरू नका' म्हणाला तर वाद घालायचा नाही. ओढीत सापडलात तर सरळ किनाऱ्याकडे झगडू नका, दम संपतो, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला सरका आणि मग बाहेर या.

सिंधुदुर्ग किल्ल्याला लोक उगाच कमी वेळ देतात. बोटवाले साधारण तासभर देतात, आणि किल्ला आहे ४८ एकरांचा, १६६४ साली पायाभरणी झालेला. शिवराजेश्वर मंदिर, महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा, आणि चारी बाजूंनी खारं पाणी असताना गोड्या पाण्याच्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी, हे सगळं तासात पळत पळतच होतं. चढतानाच जास्त वेळ मागून घ्या, बरेचदा नंतरच्या बोटीने येऊ देतात. तटावर सावली नाही, टोपी आणि पाणी न्या.

राहायचं बुक करताना तारकर्ली, देवबाग, मालवण एकच समजू नका. बाजार, जेटी, संध्याकाळचा मासळीचा लिलाव मालवणात, तारकर्ली तिथून ६-७ किलोमीटर, देवबाग त्याच्याही पुढे आणि रस्ता अरुंद, डिसेंबरच्या शेवटी तिथे गाड्या अडकून बसतात. ट्रेन मालवणला जात नाही, कुडाळ किंवा कणकवलीला उतरायचं, तिकीट ६० दिवस आधी उघडतं तेव्हाच काढा.

आणि प्लीज, पाण्याखाली प्रवाळाला हात लावू नका, त्यावर उभं राहू नका, माशांना ब्रेड टाकू नका. हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. प्रवाळ एका वर्षात अगदी थोडं वाढतं आणि एका लाथेत तुटतं, आणि वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे, म्हणजे किनाऱ्यावर सापडलेला तुकडा घरी आणणं किंवा कुणी विकत असेल तर घेणं हा गुन्हा आहे. डॉल्फिनच्या मागे बोट पळवायला सांगू नका, इंजिन बंद करून थांबलं तर ते बरेचदा स्वतःच जवळ येतात, आणि दादांना तसं आधीच सांगितलं तर तेही आनंदाने थांबतात.