इलेक्ट्रॉन केंद्रकात का पडावा? उत्तर लिहिताना या चुका टाळा

रुदरफोर्डच्या अणुप्रारूपात मधे केंद्रक आणि त्याभोवती कक्षेत फिरणारे इलेक्ट्रॉन असतात. ‘रुदरफोर्डच्या अणुप्रारूपातली त्रुटी सांगा’ म्हटलं की हमखास येणारं उत्तर असं: केंद्रक धन, इलेक्ट्रॉन ऋण, म्हणून तो ओढला जाऊन आत पडतो. साफ चूक. सूर्य पृथ्वीलाही ओढतोच की! नुसत्या ओढीने कक्षा मोडत नाही. घोटाळा प्रारणाचा, म्हणजे तरंगांच्या रूपात बाहेर पडणाऱ्या ऊर्जेचा आहे. मॅक्सवेलच्या समीकरणांनुसार त्वरण असलेला प्रभार विद्युतचुंबकीय तरंग सोडतो आणि ऊर्जा गमावतो. (पृथ्वीही गुरुत्वीय तरंगांतून ऊर्जा गमावते, पण जेमतेम 200 वॅट, म्हणजे जुन्या दोन पिवळ्या बल्बांची.)

‘पण चाल स्थिर आहे, मग त्वरण कुठलं?’ अहो, दिशा बदलते ना! हायड्रोजनचे आकडे घालून बघा. चाल सेकंदाला सुमारे 2200 किलोमीटर, त्रिज्या 0.053 नॅनोमीटर. चालीच्या वर्गाला त्रिज्येने भागलं की त्वरण येतं सुमारे 9 × 10²² मीटर प्रति सेकंद वर्ग. इतकं त्वरण असताना तरंगांतून जाणाऱ्या ऊर्जेच्या हिशेबाने इलेक्ट्रॉन 1.6 × 10⁻¹¹ सेकंदात केंद्रकात जायला हवा. तेवढ्यातही त्याच्या 2 लाखांच्या आसपास फेऱ्या होतात, त्यामुळे वहीत काढतो ती तीन वेढ्यांची जिलबी फक्त समजुतीपुरती.

सगळ्यात फसवी चूक पुढची आहे: ‘ऊर्जा घटते म्हणून इलेक्ट्रॉन मंदावतो.’ उलट, कक्षा आकसते तसा तो जास्त जोरात फिरतो. घटते ती एकूण ऊर्जा. फेऱ्यांची वारंवारता सतत वाढते, म्हणजे बाहेर पडणाऱ्या प्रारणाची वारंवारताही सलग बदलत जायला हवी. प्रत्यक्षात हायड्रोजनच्या दृश्य वर्णपटात सुट्या रेषा दिसतात: 656, 486, 434, 410 नॅनोमीटर. उत्तराचा हा अर्धा भाग बहुतेक जण गाळतात. मी तपासायला बसलो तर इथे गुण कापतो.

‘बोरने कारण शोधलं’ असंही लिहू नका. 1913 मध्ये त्याने ठरावीक कक्षांत प्रारण होत नाही असं गृहीत धरलं, इतकंच. कारण 1920च्या दशकात पुंजयामिकीतून (क्वांटम मेकॅनिक्समधून) आलं. इलेक्ट्रॉनला लहान जागेत कोंबलं की त्याची गतिज ऊर्जा त्रिज्येच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढते, आकर्षणाची ऊर्जा मात्र नुसत्या त्रिज्येच्या. त्यामुळे एका मर्यादेपलीकडे आकसणं परवडतच नाही. इलेक्ट्रॉनच्या या सर्वांत कमी ऊर्जेच्या पातळीत कक्षीय कोनीय संवेग (केंद्रकाभोवती फिरण्याचं माप) शून्य असतो, त्यामुळे तिथे आकृतीत गोल कक्षा काढली तर तीही चूकच.