‘बारीक दाखवते, काळजी करू नका’ आणि पोर्ट्रेटच्या धंद्यातल्या अशाच काही चुका

फोनवर बहुतेक बायकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: “अजून पाच किलो कमी झाले की येते.” मी “बरं, या” म्हणते. त्या येत नाहीत. दोन वर्षांनी पुन्हा फोन येतो, तेव्हा पाचाचे आठ झालेले असतात.

परळला एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर माझा स्टुडिओ आहे. जशा आहात तशा या आणि फोटो काढून घ्या, या एका गोष्टीवर तो चालतो. नऊ वर्षांत या कामात ज्या चुका केल्या आणि दुसऱ्यांना करताना पाहिल्या, त्यांचं मूळ मला एकाच ठिकाणी दिसतं. कित्येक घरांत बाईचा पहिला स्टुडिओतला फोटो स्थळासाठी काढलेला असायचा. साडीत, उभा, एक हात कुंडीच्या स्टँडवर. पदर कसा घ्यायचा ते आई सांगणार, हसायचं किती ते मामी ठरवणार, रंग किती उजळायचा ते फोटोग्राफर बघणार. जिचा फोटो, तिला कुणी विचारत नव्हतं. आज आपण फोटोग्राफर ‘बॉडी पॉझिटिव्ह’ची, म्हणजे ‘शरीर आहे तसं छान आहे’ अशी, पाटी लावतो आणि पाटीखाली पुष्कळदा तेच चालू ठेवतो.

तोंडातून निघणारी चूक

सुरुवातीच्या दिवसांत डोंबिवलीहून एक काकू आल्या होत्या. साठी झाली म्हणून मुलीने बुकिंग केलेलं. मोरपंखी साडी, बिनबाह्यांचा ब्लाउज. तो घालायला त्यांना किती धीर गोळा करावा लागला असेल, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. मी सहज म्हटलं, “काकू, हात जरा असा पुढे घ्या, दंड बारीक दिसतो.” झालं. पुढचे दोन तास त्यांचा उजवा हात तिथून हलला नाही. मी “मोकळ्या बसा” म्हणायचे, त्या मान मोकळी करायच्या, हात तिथेच. हसतानासुद्धा नजर दंडाकडे.

“पोट आत”, “हनुवटी लपते अशी”, “काळा रंग सगळं झाकतो” ही वाक्यं आपण मदत म्हणून बोलतो. समोरच्याला त्यातून एवढंच कळतं की लपवण्यासारखं काहीतरी आहे आणि ते हिलाही दिसलं. आता मी शरीराचं नाव न घेता हालचाल सांगते: “वजन मागच्या पायावर टाका”, “खिडकीकडे वळा”, “आंबाडा सोडून पुन्हा बांधा”. आणि आधीच विचारून ठेवते की कुठला शब्द वापरू नको. एकीला ‘जाड’ चालतं पण ‘हेल्दी’ ऐकलं की डोक्यात तिडीक जाते. दुसरीचं नेमकं उलटं.

खुर्ची, गाऊन, जिना

अंग आखडतंय, चेहरा ओढलेला येतोय, अशी तक्रार असेल तर लेन्सआधी खुर्ची बघा. दोन्ही बाजूंना हात असलेली खुर्ची मोठ्या अंगाच्या माणसाला कमरेत रुतते. ती व्यक्ती बोलत नाही, नुसती टोकावर बसून राहते आणि आपण तिला ‘रिलॅक्स’ म्हणत राहतो. बिनहाताचा, रुंद, दणकट लाकडी बाक ठेवा. त्यावर आधी स्वतः आणि आणखी एकाला बसवून बघा, करकरला तर बदला.

स्टुडिओतले गाऊन ‘फ्री साइज’ असतील तर ते नसलेलेच बरे. अंगात न जाणारा गाऊन हातात देणं म्हणजे दुकानातल्या ट्रायल रूमचा अपमान पुन्हा एकदा करणं. माझ्याकडे मोठे साइज जास्त आहेत आणि पाठीमागे चापायला क्लिपा आहेत. सैल कपडा चापता येतो, घट्ट कपड्याचं काही करता येत नाही.

लिफ्ट नाही, दोन मजले लाकडी जिना आहे, हे मी फोनवरच सांगते. ज्यांना जमणार नाही त्यांच्या घरी जाते. वेळ अकरा ते चारमधली देते, म्हणजे लोकलच्या गर्दीत चेंगरून कुणी येत नाही. आल्यावर अर्धा तास पंख्याखाली, चहा. या अर्ध्या तासात घट्ट कपडे सैल करायला सांगा. इलॅस्टिकचे वळ त्वचेवरून उतरायला वेळ लागतो, आणि नंतर एडिटमध्ये ते काढत बसणं हे रात्रीच्या जागरणाचं काम आहे.

लहान खोली, चुकीची लेन्स

मुंबईत जागा किती मिळते ते तुम्हाला ठाऊक आहे. दहा बाय बाराच्या खोलीत पूर्ण उभा फोटो बसत नाही म्हणून लोक २४ किंवा ३५ मिमीची, रुंद कोनाची लेन्स लावतात आणि चार-पाच फुटांवरून काढतात. मग गिऱ्हाईक म्हणतं, “मी एवढी जाड आहे?” नाही, बाई, तो दोष अंतराचा आहे. इतक्या जवळून जे पुढे असतं ते फुगतं: बसलेल्या माणसाचे गुडघे, उभ्याचं पोट, चेहऱ्यात नाक. फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर ८५ मिमीने पूर्ण उंचीचा फोटो घ्यायला साधारण १५ फूट लागतात, ५० मिमीने ९ फूट. माझी खोली बारा बाय सोळाची आहे. भिंतीला समांतर उभी राहिले तर ८५ बसत नाही. पण एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत बरोबर वीस फूट भरतात. पडदा त्या कोपऱ्यात तिरका लावला आणि प्रश्न सुटला. खोली त्याहून लहान असेल तर सरळ कमरेपर्यंतचे फोटो काढा, पण मागे सरका.

दुसरी नेहमीची तक्रार: सावळा चेहरा पांढऱ्या पडद्यापुढे काळवंडतो. कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर समोरचं सगळं मध्यम करडं आहे असं धरून चालतं. मागे पांढरा पडदा भरलेला असला की ते उजेड कमी करतं आणि चेहरा बुडतो. मग एडिटर तो वर खेचतो आणि चेहऱ्यावर राख फासल्यासारखं दिसतं. चेहऱ्यावरचा उजेड मोजा, करडं कार्ड धरून व्हाइट बॅलन्स (रंग खरे यावेत म्हणूनची सेटिंग) लावा, पडदा मातकट किंवा गडद हिरवा घ्या. गोरा रंगच माप धरायची ही सवय जुनी आहे. फिल्मच्या जमान्यात रंग जुळवायला कोडॅकची जी ‘शर्ली कार्डं’ लॅबमध्ये असायची, त्यांवर वर्षानुवर्षं गोरीच बाई होती. ‘फेअर अँड लव्हली’ क्रीमच्या नावातलं ‘फेअर’ २०२० साली गेलं, पण विकत मिळणाऱ्या प्रीसेटमधून, म्हणजे एडिटिंगच्या तयार सेटिंगमधून, ते अजून जायचंय.

पावसाळ्याचं एका ओळीत: लेन्स डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, नाहीतर गणपतीपर्यंत काचेवर बुरशी.

एडिटिंग: दोन्हीकडून चुकता येतं

लिक्विफाय, म्हणजे फोटोशॉपमधलं आकार ओढून बदलायचं साधन, वापरून न विचारता कंबर आत घेणं चूक, हे आता सगळे मान्य करतात. उलट बाजूची चूक मी केली आहे. एका ताईंनी हनुवटीखालचा भाग थोडा कमी करायला सांगितला, आणि मी त्यांना दहा मिनिटं स्व-स्वीकारावर प्रवचन दिलं. त्या शांतपणे म्हणाल्या, “फोटो माझा आहे ना?” मी गप्प.

आता माझा नियम साधा आहे. आठवड्याभरात आपोआप जाणारं, म्हणजे पुटकुळी, डास चावल्याची खूण, ते मी काढते. राहणारं, म्हणजे सिझेरियनचा व्रण, कोडाचे डाग, स्ट्रेच मार्क, सुरकुत्या, त्याला हात लावण्याआधी विचारते, आणि तेही शूटच्या आधी. कारण प्रकाश त्यावर ठरतो. व्रण दिसावा अशी इच्छा असेल तर बाजूने येणारा कडक उजेड, मऊ हवा असेल तर मोठा सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारी कापडी पेटी) जवळ. शिवाय गिऱ्हाइकाच्या मोबाइलचा ब्यूटी फिल्टर तपासा. रोज तो चेहरा बघणाऱ्याला खरा फोटो चुकल्यासारखा वाटतो, आणि मग दोष तुमच्या कॅमेऱ्यावर येतो.

परवानगी

इथे मात्र थांबून वाचा. माझी सगळ्यात महागडी चूक इथली आहे. एका गिऱ्हाइकाने तोंडी “हो, टाका” म्हटलं होतं, मी फोटो इन्स्टाग्रामवर टाकला. दुसऱ्या दिवशी तो तिच्या सासरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. फोटोत वावगं काही नव्हतं, फक्त पाठ उघडी होती. मी लगेच काढला, पण ग्रुपवरून कोण काढणार? तिने दुसऱ्या कुणाला माझं नाव सुचवलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

आपल्यातल्या अनेकांना वाटतं की क्लिक मी केलं म्हणजे फोटो माझा. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढून घेणारा असतो. म्हणजे पोर्टफोलिओत लावायलाही लेखी परवानगी हवी. खासगी अवयवांचे फोटो संमतीशिवाय काढणं, छापणं किंवा पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ई खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा म्हणतो की संमती जितकी सहज दिली तितकी सहज परत घेता आली पाहिजे.

माझा फॉर्म मराठीत एका पानाचा आहे. इन्स्टाग्राम, वेबसाइट, प्रदर्शन यांना वेगवेगळे चौकोन. सही शूटच्या दिवशी घेत नाही, फोटो पाहून झाल्यावर घेते. ‘टाकू दिलात तर सूट’ ही योजना कधीच नाही, पैशाची अडचण असलेली बाई तिथे नाही म्हणू शकत नाही. ड्राइव्हची लिंक ‘ज्याच्याकडे लिंक त्याला उघडते’ अशी ठेवू नका. अंतर्वस्त्रांतले फोटो बाहेरच्या लॅबला न देता घरच्या प्रिंटरवर काढा, आणि बिघडलेली हार्ड डिस्क दुरुस्तीला टाकताना आत काय आहे ते आठवा. जुने नामवंत छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये हैदराबादला बायकांसाठी झनाना स्टुडिओ काढला, तेव्हा कॅमेऱ्यामागे बाईच नेमली होती. आत कोण येणार याचा विचार तेव्हाही होता. शूटला सोबत कोण असेल ते गिऱ्हाइकाला ठरवू द्या, तुमचा लाइट धरणारा मुलगासुद्धा त्यात आला.

बाकीच्या, पटापट

कुणी रडलं तर कॅमेरा खाली ठेवा, पाणी द्या. तुम्ही समुपदेशक नाही. फारच जड वाटलं तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ आहे, नंबर भिंतीवर लावून ठेवा. रडतानाचा व्हिडिओ जाहिरातीला वापरू नका, हे सांगावं लागतं याचंच वाईट वाटतं.

पोर्टफोलिओत सगळ्या पंचविशीतल्या, गोऱ्या, गुबगुबीत मुलीच असतील तर तुम्ही फक्त नवा साचा काढलात. हडकुळे, सत्तरीचे, टक्कल पडलेले, कुबडी घेतलेलेही येऊ देत. पुरुषही येतात, फक्त बुकिंग बायकोच्या नावाने करतात.

आणि दर. चांगलं काम म्हणून स्वस्त, हा हिशेब सहा महिन्यांत स्टुडिओ बंद करतो. माझ्या एका बुकिंगला दोन तासांचं शूट दिसतं, पण फोनवरचं बोलणं, तयारी, निवड आणि एडिट धरून दहा तास जातात. दर त्या दहा तासांवर लावा, निम्मे आगाऊ घ्या. उलाढाल वर्षाला २० लाखांच्या पुढे गेली की जीएसटी नोंदणी लागते, तेही आधीच मनात धरा.

डोंबिवलीच्या काकूंचं राहिलंच. शूट संपल्यावर त्या गाडीची वेळ बघत दाराशी आंबाडा बांधत होत्या, दोन्ही हात वर, तोंडात आकडा, खिडकीचा उजेड दंडावर. “काकू, काढू?” विचारून मी एक क्लिक केला. माझ्या मते त्या दिवसातला तोच फोटो. निवडायला आल्या तेव्हा मी तो सगळ्यात आधी दाखवला. त्यांनी बराच वेळ बघितला आणि दंड झाकलेला दुसरा घेतला, बारा बाय अठराचा, हॉलमध्ये लावायला. पहिला पुसून टाकायला सांगितला. मी त्यांच्यासमोर पुसला.