नियम बदलल्यावर संघाने काय करावे : महिलांच्या महाविद्यालयीन क्लब लॅक्रॉससाठी मार्गदर्शन

अमेरिकेतील विद्यापीठांत महिलांचे लॅक्रॉस, म्हणजे टोकाला जाळी असलेल्या स्टिकने चेंडू झेलत-फेकत गोल करण्याचा मैदानी खेळ, दोन पातळ्यांवर खेळले जाते. विद्यापीठाच्या अधिकृत संघाला पगारी प्रशिक्षक, व्हिडिओ पाहून देणारे सहायक आणि नियमांवर लक्ष ठेवणारे कार्यालय असते. क्लब संघाला यांतले बहुधा काहीच नसते. तिथे वर्गणी गोळा करणे, मैदान मिळवणे, बसची व्यवस्था करणे आणि पंचांचे मानधन देणे ही सगळी कामे विद्यार्थिनीच करतात, आणि म्हणून बदललेला नियम वाचून तो संघापर्यंत पोहोचवण्याचे कामही त्यांच्यापैकीच एकीवर येते. हे मार्गदर्शन तिच्यासाठी आहे. अमेरिकेत शिकणाऱ्या किंवा तिथेच वाढलेल्या ज्या मराठी मुली महाविद्यालयात गेल्यावर पहिल्यांदा हातात स्टिक धरतात आणि दोन वर्षांत संघाच्या पदाधिकारी होतात, त्यांनाही ते उपयोगी पडावे.

पहिला प्रश्न असतो तो कोणते पुस्तक प्रमाण मानायचे हा. क्लब संघांची मोठी राष्ट्रीय संघटना म्हणजे विमेन्स कॉलेजिएट लॅक्रॉस असोसिएट्स, अर्थात डब्ल्यू.सी.एल.ए.; तिच्यात दोन विभाग आहेत. तिच्या सामन्यांचा पाया एन.सी.ए.ए.च्या, म्हणजे विद्यापीठांच्या अधिकृत संघांच्या स्पर्धा चालवणाऱ्या संघटनेच्या, महिला नियमपुस्तिकेवर असतो आणि त्यावर संघटनेचे स्वतःचे अपवाद असतात. त्यामुळे दोन्ही कागदपत्रे समोर ठेवूनच वाचावीत : आधी मूळ पुस्तिका, मग अपवाद. शालेय लॅक्रॉसचे नियम यांहून वेगळे आहेत, आणि शाळेत चार वर्षे खेळून आलेली मुलगी ‘आमच्याकडे असे नव्हते’ असे म्हणते तेव्हा ती बहुधा खरेच सांगत असते. पण तिचे पुस्तक वेगळे असते. लॉस एंजेलिसच्या २०२८ च्या ऑलिम्पिकसाठी निवडलेला सिक्स हा प्रकार तर आणखीच निराळा आहे. त्यात प्रत्येक बाजूला ६ खेळाडू, ८ मिनिटांची ४ सत्रे आणि ३० सेकंदांचे शॉट-घड्याळ असते, म्हणजे तेवढ्या वेळात गोलवर चेंडू मारावाच लागतो. त्याची दृश्ये पाहून १२ खेळाडूंच्या मैदानी खेळाचे नियम शिकवू नयेत.

एन.सी.ए.ए. आपले नियम साधारणपणे दोन वर्षांच्या चक्राने बदलते. नियम समिती शिफारस करते, तिच्यावरचे मंडळ मंजुरी देते आणि बदल पुढच्या हंगामापासून लागू होतो. मधल्या वर्षी मोठे बदल होत नाहीत, मात्र सुरक्षिततेशी संबंधित बदल त्या वर्षीही येऊ शकतात, ही गोष्ट अनेक संघ विसरतात. म्हणून शरद ऋतूतील सराव सुरू होताच, दरवर्षी, पुस्तिकेच्या आरंभी दिलेली बदलांची यादी वाचावी आणि तेवढ्यावर न थांबता प्रत्येक बदलाचे मूळ कलम उघडावे. यादीत एका ओळीत मावणारा बदल कलमात तीन ठिकाणी शिरलेला असतो.

गेल्या काही वर्षांतील तीन बदल पाहिले, तर बदल कसा वाचावा हे कळते. २०१७ मध्ये एन.सी.ए.ए.च्या पहिल्या विभागात चेंडू ताब्यात ठेवण्यासाठी ९० सेकंदांचे घड्याळ आले. २०१८ मध्ये मुक्त हालचाल आली. त्याआधी शिट्टी वाजताच मैदानावरील प्रत्येक खेळाडूला जागच्या जागी थांबावे लागे, आणि ती अट गेल्यावर खेळाचा वेगच पालटला. २०२२ मध्ये ३० मिनिटांच्या दोन अर्धांऐवजी १५ मिनिटांची चार सत्रे झाली. यांतला घड्याळाचा बदल क्लब मैदानावर सर्वांत आधी अडतो, कारण तिथे दिसेल असे शॉट-घड्याळ क्वचितच असते. अशा वेळी हा नियम आपल्या लीगमध्ये लागू आहे का, असल्यास वेळ कोण मोजणार आणि शेवटचे सेकंद मोठ्याने कोण पुकारणार, हे हंगामापूर्वी लेखी विचारून घ्यावे. चार सत्रांचा बदल कागदावर सोपा वाटतो, पण त्याने दंडाचा हिशेब बदलतो. त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

बदलांचा मसुदा संघाला वाचून दाखवून काही साध्य होत नाही. एका पानाचा कागद करावा. त्यावर प्रत्येक बदलासाठी जुना नियम एका वाक्यात, नवा नियम एका वाक्यात, आणि तो कोणाला सर्वाधिक लागतो ते लिहावे : ड्रॉ (चेंडू खेळात आणताना दोन खेळाडूंत होणारी झुंज) घेणारीला, बचाव फळीला, गोलरक्षिकेला की वेळ आणि नोंदी ठेवण्यासाठी टेबलावर बसणारीला. हा कागद वाटला की लगेच सरावात शिट्टी आणावी. क्लब संघांच्या सरावात शिट्टी फार कमी वाजते आणि पिवळे कार्ड तर कधीच निघत नाही, असे माझे निरीक्षण आहे. मग सामन्यात कार्ड निघाले की सगळा संघ गोंधळतो, आणि त्या गोंधळातच गोल होतो. आठवड्यातून एकदा दोन खेळाडूंनी पंच व्हावे, खेळ थांबवावा, कार्ड द्यावे आणि संघाने पूर्ण दोन मिनिटे एक खेळाडू कमी घेऊन खेळावे. पंच झालेल्या मुलीला नियम जितका पक्का समजतो तितका ऐकणाऱ्या मुलीला समजत नाही, म्हणून या जोड्या दर आठवड्याला बदलाव्यात.

आता दंडांकडे वळू. फाउल दोन प्रकारचे असतात, मोठे आणि किरकोळ, आणि दोघांची अंमलबजावणी वेगळी असते. मोठ्या फाउलनंतर फाउल करणारी खेळाडू चेंडू मिळालेल्या खेळाडूच्या ४ मीटर मागे जाते. हाच फाउल बचाव करणाऱ्या संघाकडून गोलसमोरच्या ८ मीटरच्या कमानीत झाला, तर कमान मोकळी केली जाते, आक्रमक खेळाडू जवळच्या खुणेवर उभी राहते आणि शिट्टीनंतर ती थेट गोलवर मारू शकते. किरकोळ फाउलची शिक्षा यापेक्षा सौम्य असते. गोलजवळ तो झाला तर चेंडू १२ मीटरच्या रेषेवर दिला जातो आणि तिथून थेट गोल करता येत नाही. नव्या खेळाडूंना हा फरक फळ्यावर सांगून कळत नाही. मैदानावर ८ आणि १२ मीटरच्या खुणा करून, दोन्ही प्रकारांत कोण कुठे उभे राहते हे त्यांना प्रत्यक्ष उभे करूनच दाखवावे लागते.

बचाव फळीला दोन नियम सर्वाधिक महागात पडतात. पहिला तीन सेकंदांचा : ८ मीटरच्या कमानीत बचावपटूने, आपल्या स्टिकच्या लांबीइतक्या अंतरात प्रतिस्पर्धी नसताना, तीन सेकंदांहून अधिक काळ थांबू नये. दुसरा गोलकडे मारण्याच्या मोकळ्या वाटेचा : आक्रमक मारण्याच्या बेतात असताना, तिला जवळून न अडवता केवळ तिच्या आणि गोलच्या मधल्या वाटेत उभे राहणे हा मोठा फाउल आहे. महिलांच्या खेळात मैदानावरील खेळाडू डोळ्यांवर संरक्षक जाळी आणि दातांवर माउथगार्ड घालतात, पुरुषांसारखे कठीण शिरस्त्राण घालत नाहीत. म्हणून चेंडूच्या मार्गात उभी राहणारी खेळाडू स्वतःच धोक्यात येते, आणि हा नियम तिच्याच रक्षणासाठी आहे. हे कारण सांगितले की मुली तो पाळतात. नुसते ‘तिथे उभी राहू नकोस’ म्हटले की पुढच्याच हल्ल्यात त्या पुन्हा तिथे दिसतात.

आक्रमण गोलच्या तोंडाशी असताना मोठा फाउल झाला, तर पंच पिवळे निशाण वर करून खेळ चालू ठेवू शकतात, जेणेकरून आक्रमकाची संधी हिरावली जाऊ नये. नवख्या संघातील खेळाडू निशाण दिसताच थांबतात. शिट्टीपर्यंत खेळत राहण्याची सवय सरावातच लावावी.

कार्डांच्या बाबतीत टेबलावर बसणारी व्यक्ती सर्वांत महत्त्वाची ठरते, आणि नेमकी तिच्याकडेच कोणी लक्ष देत नाही. क्लब सामन्यांत बहुधा जखमी खेळाडू किंवा कोणाची मैत्रीण टेबलावर बसवली जाते. ती कोणीही असो, तिला सामन्याच्या आदल्या दिवशी अर्धा तास द्यावा. पिवळ्या कार्डाची शिक्षा दोन मिनिटांची असते आणि ती सामन्याच्या घड्याळावर मोजली जाते, मनगटावरच्या घड्याळावर नव्हे. सामन्याचे घड्याळ थांबले की शिक्षाही थांबते. तिसऱ्या सत्रात ६:४० शिल्लक असताना कार्ड निघाले, तर खेळाडू ४:४० ला परत येईल. सत्र संपायला १:१० उरलेले असताना कार्ड निघाले, तर उरलेले ५० सेकंद पुढच्या सत्रात जातात आणि तिची सुटका १४:१० ला होते. दोन अर्धांच्या काळात ही वेळ मध्यंतरापलीकडे नेण्याचा प्रसंग सामन्यात एकदाच येऊ शकत असे. चार सत्रांत तो तीनदा येऊ शकतो. म्हणून वही उघडून कार्ड निघालेली वेळ, खेळाडूचा क्रमांक, कार्डाचा रंग, फाउल आणि परतीची वेळ असे पाच रकाने आधीच आखून ठेवावेत. सहावा रकाना सुटकेचा असावा : प्रतिस्पर्ध्याने गोल केल्यावर ही शिक्षा संपते की पूर्ण वेळ भोगावी लागते. हे कार्डाच्या रंगानुसार ठरते, आणि चालू वर्षाच्या पुस्तिकेतील उत्तर वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवावे.

कार्ड मिळालेल्या संघाला मैदानाच्या दोन्ही टोकांना एक खेळाडू कमी ठेवावी लागते. एरवी मर्यादारेषेपलीकडे (मैदानाच्या दोन्ही टोकांकडे आखलेली, खेळाडूंची संख्या मर्यादित ठेवणारी रेषा) आक्रमणात ७ आणि आपल्या टोकाला गोलरक्षिकेसह ८ खेळाडू येऊ शकतात. एका कार्डाने ते ६ आणि ७ होतात. बचावात कमी झालेली खेळाडू सर्वांच्या लक्षात राहते, पण चेंडू जिंकून पुढे धावताना आक्रमणातली मर्यादा विसरली जाते, आणि शिक्षेवर आणखी एक फाउल चढतो. रेषेवर उभी राहून मोठ्याने आकडा सांगणारी एक खेळाडू ठरवून ठेवावी. एकाच खेळाडूला दुसरे पिवळे कार्ड मिळाले, तर ती त्या सामन्यात पुन्हा खेळू शकत नाही. डोक्यावर स्टिक लागणे, जोराचा वार करणे आणि धोकादायक पद्धतीने चेंडू फेकणे यांवर कार्ड दाखवणे पंचांना बंधनकारक असते. तेथे वाद घालण्यात वेळ आणि प्रतिष्ठा दोन्ही जातात.

सामन्यापूर्वी पंच दोन्ही कर्णधारांना आणि प्रशिक्षकांना भेटतात. ही भेट केवळ औपचारिकता मानू नये. नवा नियम लागू झालेल्या वर्षी तीन-चार नेमके प्रश्न लिहून न्यावेत : ९० सेकंद कोण मोजणार, घड्याळ थांबलेले असताना शिट्टीशिवाय खेळ सुरू होणार नाही ना, गोलरक्षिकेला कार्ड मिळाल्यास तिच्या जागी कोण आणि कसे यावे, दहा गोलांची आघाडी झाल्यावर घड्याळ सलग चालवणार का. पंचही हाच बदल नव्याने शिकत असतात आणि नम्रपणे विचारलेला प्रश्न त्यांनाही सोयीचा असतो.

सामन्यात निर्णय चुकीचा वाटला, तर आधी तो निरीक्षणाचा प्रश्न आहे की नियमाचा, हे ठरवावे. स्टिक डोक्याला लागली की खांद्याला, हे पंचांनी पाहिलेले असते आणि तेथे विषय संपतो. पण शिक्षा दोन मिनिटांऐवजी तीन मिनिटे चालली, किंवा सोडायला हवी असलेली खेळाडू सोडली नाही, तर तो नियमाच्या अंमलबजावणीचा प्रश्न आहे. खेळ थांबलेला असताना ठरलेल्या एकाच व्यक्तीने, वही हातात घेऊन, तो शांतपणे विचारावा. वहीत वेळ लिहिलेली नसेल, तर विचारण्यासारखे काही उरत नाही.

लाल कार्ड मिळालेल्या खेळाडूला पुढच्या सामन्यालाही मुकावे लागते. ही नोंद त्याच संध्याकाळी संघाच्या सचिवाकडे आणि लीगकडे लेखी जावी, कारण निलंबित खेळाडूला चुकून उतरवले, तर प्रश्न एका खेळाडूपुरता राहत नाही, संपूर्ण सामन्याचा निकाल धोक्यात येतो. शनिवार-रविवारी सलग सामने असतात तेव्हा ही चूक होण्याची शक्यता सर्वाधिक असते. रविवारची यादी करणारीने शनिवारची वही पाहिल्याशिवाय नावे देऊ नयेत.

मे महिन्यात शेवटच्या वर्षाच्या मुली पदवी घेऊन निघून जातात आणि त्यांच्याबरोबर नियमांचे ज्ञानही जाते. एका पानाचा कागद, टेबलाची वही आणि लीगकडून आलेली लेखी उत्तरे त्यांनी एप्रिल संपण्याआधीच नव्या पदाधिकाऱ्यांकडे द्यावीत, आणि हंगामात ज्या कलमावर दोनदा तरी अडचण आली त्यापुढे तारीख घालून दोन ओळी लिहाव्यात.