विहिरीत पाणी किती लिटर? ब्लीचिंग टाकण्याआधीचा हिशेब

पावसाळा लागला की नागपूरच्या महाल-इतवारीतल्या जुन्या विहिरींमध्ये ब्लीचिंग पावडर टाकावी लागते. ती मुठीच्या अंदाजानं टाकू नका. कमी पडली तर जंतू मरत नाहीत, जास्त झाली तर पाणी तोंडात धरवत नाही. आधी लिटर काढा.

गोल विहीर म्हणजे उभी वृत्तचिती. दोनच मापं लागतात, आतला व्यास आणि पाण्याची खोली.

व्यास नीट घ्या, खरी चूक इथंच होते. कठड्याची जाडी धरायची नाही. टेपचं एक टोक आतल्या कडेला पक्कं धरा, दुसरं समोरच्या कडेवर डावी-उजवीकडे सरकवा. सर्वांत मोठं माप येईल तो व्यास. दगडी विहिरी क्वचितच पूर्ण गोल असतात, म्हणून काटकोनात दुसरं माप घेऊन सरासरी काढा. खोलीसाठी दोरीला दगड बांधून तळाला टेकवा, ढील काढून दोरी ताठ करा आणि वर घेऊन ओला भाग मोजा. ढील राहिली तर खोली उगाच वाढते.

समजा व्यास ३.६ मीटर, पाणी ४ मीटर. त्रिज्या १.८.

३.१४ × १.८ × १.८ × ४ = ४०.६९ घनमीटर

एका घनमीटरात १००० लिटर, म्हणजे सुमारे ४०,७०० लिटर. त्रिज्येच्या जागी व्यासच घातला तर उत्तर चौपट येतं, पावडरही चौपट पडते. खोलीत १० सेंटिमीटर चुकलं तर हजारेक लिटरचा फरक. व्यासात तेवढंच चुकलं तर २,३०० लिटरचा, कारण त्रिज्येचा वर्ग होतो.

१००० लिटरला चांगली पावडर २.५ ग्रॅम, म्हणजे इथं साधारण १०० ग्रॅम. उघड्या पुड्यातली पावडर धरू नका, तिचा क्लोरीन उडून जातो. बादलीत आधी थोड्या पाण्यात लगदा करा, मग पाऊण बादली पाणी घालून ढवळा. दहा मिनिटांत चुना खाली बसतो. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घ्या. चुना विहिरीत जाऊ देऊ नका, पाणी जड होतं. ती बादली पाण्याखाली सोडून वर-खाली हलवा. तासभर उपसा बंद ठेवा.

व्यास बदलत नाही, तो कठड्यावर रंगानं लिहून ठेवा. पाणी मात्र मे महिन्यात एक आणि ऑगस्टमध्ये वेगळंच असतं, खोली दर वेळी मोजा. या विहिरीला दर मीटर पाण्यामागे २५ ग्रॅम.