कुरोड्यांचा चीक बारीक चाळणीतून गाळायचा कसा

कुरोड्यांचा (कुरडयांचा) चीक, म्हणजे भिजवलेल्या गव्हाचं वाटून काढलेलं पांढरं दूध, चाळणीत ओता आणि चमच्याने दाबत दाबत गाळा, असं कुणी सांगितलं असेल तर ते आधी विसरा. त्या एका सल्ल्यापायी दरवर्षी चैत्रात कितीतरी घरी चाळण्या चोंदतात, मनगटं भरून येतात आणि एवढं करून कुरोड्या लालसरच निघतात. चाळणीला जोर नको असतो, पाणी हवं असतं. बाकी सगळी कृती सोपी आहे, म्हणून ती थोडक्यात सांगते.

आधी चाळणी. बारीक म्हणजे मैद्याची, रव्याची नव्हे. शहरातला दुकानदार मेशचा नंबर सांगतो. एका इंचात जितकी भोकं तितका नंबर. 40 मेशचं भोक साधारण 0.4 मिलिमीटरचं, 60 चं 0.25 आणि 100 चं 0.15. चिकाला 60 पुष्कळ झाली. 100 घेतलीत तर दुपार गाळण्यातच जाईल. आठवडी बाजारात नंबर कुणी सांगत नाही, तिथे एकच बघायचं: मैदा खाली पडला पाहिजे आणि रवा वर राहिला पाहिजे. जाळी स्टीलची घ्या. आभाळाकडे धरून भोकं सारखी आहेत का बघा, आणि कडेला जाळी जिथे बसवलेली असते तिथे अंगठ्याने दाबून पाहा. तिथे ढिली असेल तर चाळणी हंगामही काढत नाही. प्लॅस्टिकच्या कड्याची स्वस्त चाळणी कोरड्या पिठाला ठीक, चिकाच्या वजनाने तिची जाळी झोळीसारखी लोंबते.

गहू लोकवन घ्या. बन्सी कडक असतो, तो शेवया आणि रव्यासाठी राहू द्या. दोन किलो गहू निवडून, धुऊन तीन दिवस भिजवा. पारा 45 च्या घरात असतो तेव्हा पाणी सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा बदला आणि भांडं सावलीत ठेवा. आंबूस वास यायलाच हवा. सडका आला तर गहू गुरांनाही देऊ नका. दाणा चिमटीत दाबला आणि पांढरं दूध टचकन बाहेर आलं की गहू झाला.

आता वाटण. चाळणी चोंदण्याची निम्मी कारणं मिक्सरच्या भांड्यातच तयार होतात. जुन्या बायका पाट्यावर गहू ठेचायच्या. दाणा चेपला जायचा, दूध बाहेर यायचं आणि साल बरीचशी अख्खी राहायची. मिक्सरचं पातं साल कापतं. जास्त फिरवलं की कोंड्याचा इतका बारीक भुगा होतो की तो कुठल्याही चाळणीतून चिकासोबत खाली उतरतो. मग कुरोडीवर तांबडे ठिपके दिसतात आणि दोष चाळणीला लागतो. म्हणून एका वेळी मूठ-दोन मूठ गहू, बुडेल एवढं पाणी आणि थांबून थांबून तीन-चार झटके, इतकंच. साल फाटलेली दिसली, पाणी दुधासारखं झालं की काढा. गंधासारखं मऊ वाटू नका. आणि लाइन असते तेव्हाच वाटून ठेवा. अर्ध्यात गेली तर ओला गहू घेऊन बसायची पाळी येते.

वाटलेला गहू थेट बारीक चाळणीवर ओतू नका. आधी गंजावर, म्हणजे मोठ्या पातेल्यावर, रव्याची चाळणी ठेवून त्यात मुठीने पिळा. उरलेला चोथा दुसऱ्या पाण्यात कालवून पुन्हा पिळा, मग तिसऱ्या पाण्यात. तिसरं पाणी नुसतं गढुळलेलं दिसलं की चोथ्यात काही राहिलेलं नाही. तिन्ही पाणी एकत्र करा.

इथून पुढे खरा घाम निघतो. माझाही निघायचा.

गव्हाच्या चिकाचा मोठ्यातला मोठा कणसुद्धा 0.03 ते 0.04 मिलिमीटरचा असतो. म्हणजे 60 मेशचं भोक त्याच्या सहा-सातपट मोठं. तो अडकायचं कारणच नाही. अडकतं ते ग्लुटेन. गव्हातलं हे प्रथिन पाण्यात विरघळत नाही; मळलं, चोळलं, दाबलं की त्याचे धागे एकमेकांत गुंततात आणि चिवट होतात. कणीक मळल्यावर ताणली जाते ती त्याच्यामुळेच. चमच्याने चाळणीवर दाबत असता तेव्हा तुम्ही चीक गाळत नसता, जाळीच्या भोकाभोकात कणीक मळत असता. पाच मिनिटांनी जाळीवर राखाडी, बुळबुळीत पापुद्रा बसतो आणि त्यातून पाणीही उतरत नाही. मग आणखी जोर लावला जातो, तो पापुद्रा शेवटी खाली रेटला जातो आणि सगळा चीक चिकट होतो.

माझ्या सासूबाई चाळणीजवळ चमचा दिसला तरी ओरडायच्या, "अवं, दाबू नोको तिले, पानी टाक!" त्या सांगायच्या तेच बरोबर आहे.

आधी चीक पातळ करा, पिण्याच्या ताकाइतका. दाट वाटला तर बेलाशक पाणी घाला. रात्रभर ठेवल्यावर ते वर येऊन ओतून जाणारच आहे, मग कंजुषी कशाला? प्रत्येक वेळी ओतण्याआधी हाताने तळापासून ढवळा, कारण चीक भराभर खाली बसतो आणि शेवटचा गडवा (तांब्या) लापशीसारखा दाट येतो. एका वेळी एकच गडवा, चाळणीच्या मधोमध. कडेवर तळहाताने थापट्या मारा. चमचा नाही, वाटी नाही, बोटंही नाहीत.

धार तुटून थेंब पडायला लागले की वर आणखी ओतायचं नाही. घाई करणाऱ्या इथेच फसतात. खालच्या भांड्यातलं पाणी पुरेसं वर आलं असेल तर चाळणीचं बूड त्याला टेकवा आणि हलकेच गोल फिरवा. जाळी खालून ओली झाली की अडलेलं झरझर उतरतं. भांडं अजून रिकामं असेल तर चाळणी तिरपी करून गाळ एका बाजूला घ्या आणि मोकळ्या झालेल्या जाळीवर थोडं पाणी सोडा. तरीही उतरत नसेल तर गाळ चोथ्यात टाका, चाळणी दुसऱ्या बादलीवर उपडी करून आपटा आणि पाठीवरून पाणी ओता. पापुद्रा अख्खा सुटून येतो. दर तीन-चार गडव्यांनी हे करा, चोंदायची वाट बघू नका. घरात दोन चाळण्या असतील तर फारच छान. एक धुवेपर्यंत दुसरी चालू.

पाणी गारच हवं, रांजणातलं किंवा विहिरीचं. दुपारी छतावरच्या टाकीचं पाणी हात भाजेल इतकं तापलेलं असतं. त्याने ग्लुटेन आणखी लिबलिबीत होतं आणि चीक लवकर आंबतो. "कोमट पाण्याने लवकर गळतं" हा सल्ला तर मला अजिबात सहन होत नाही. साधारण 58-60 अंशांपुढे गव्हाचा स्टार्च फुगून शिजू लागतो. कोमट म्हणता म्हणता पाणी जास्त तापलेलं निघालं तर चाळणीवरच खळ तयार होईल. गाळायला सकाळी उजाडताच बसा, ऊन चढायच्या आत उठा.

गाळून झालं हे कसं ओळखायचं? एक चमचा चीक काळ्या तव्यावर ओतून तवा तिरपा करा. पांढऱ्या ओघळात तांबूस ठिपके दिसले तर कोंडा आहे. राखाडी तंतू दिसले तर ग्लुटेन उतरलंय. दोन्हींवर उपाय एकच: पुन्हा पाणी घालून पुन्हा चाळणी. त्यानंतर हवं तर पातळ सुती कापडातून एकदा काढा. आधी कापड आणि मग चाळणी करू नका. कापड लगेच चोंदतं, पिळावं लागतं, आणि पिळणं म्हणजे पुन्हा दाबणंच.

रात्रभर झाकून ठेवा आणि भांडं हलवू नका. सकाळी पिवळट पाणी अलगद ओता. चिकाच्या वर राखाडी, सैल थर दिसेल, तो चमच्याने काढून टाका. कुरोडी लाल पडते ती बहुधा हा थर आणि वरचं पाणी ठेवण्याचा लोभ केल्यामुळे. आंबूस वास फार असेल तर नवं पाणी घालून आणखी काही तास बसू द्या.

पुढचं सोपं. चिकाला सम पाणी, त्यात मीठ, हिंग. उकळी आली की चीक धारेने सोडत चाटूने (लाकडी पळीने) हाटा, पारदर्शक होईपर्यंत झाकून शिजवा, गरम असतानाच सोऱ्यातून बाजेवर अंथरलेल्या धुतल्या धोतरावर घाला आणि कडकडीत वाळवा. पोरांसाठी वाडगाभर चीक बाजूला निघतोच. कुणाला दूध-साखर लागते, कुणाला तेल-तिखट. चोथ्यात तीळ, मीठ, तिखट घालून पापड्या थापा, नाहीतर गाईपुढे ठेवा.

हीच चाळणी वर्षभर कामाला येते. मांड्यांचं नि पुरणपोळीचं सपीट हिच्यातूनच काढा. पाटोडीचं बेसन चाळलं तर गुठळी होत नाही. तिखट चाळताना चाळणी खोल डब्यात धरून वर ओलं फडकं टाका, म्हणजे घरभर ठसका उठणार नाही. तूप गाळायला चालते, पण जाळी पूर्ण कोरडी हवी. पुरणाला मात्र हिला हात लावू नका. पुरण दाबूनच काढावं लागतं, त्यासाठी मोठ्या भोकांची जाळी किंवा पुरणयंत्र असतं. पोळ्याच्या सकाळी बारीक चाळणीवर पुरण घासत बसलात तर बैल पूजेला उभे राहतील आणि जाळी मधोमध खड्डा पडून कायमची बसेल.

चिकाची चाळणी लगेच धुवा आणि गार पाण्यानेच. गरम पाण्याने उरलासुरला स्टार्च भोकातच शिजतो. ब्रश पाठीकडून मारा, तारेची घासणी नको. उन्हात उपडी वाळवा. नुसतं पीठ चाळलं असेल तर धुऊच नका, झटकून कोरड्या ब्रशने साफ करा. ओलं झालेलं पीठ वाळून दगड होतं. आणि जाळीची एक जरी तार तुटून वर आली तर चाळणी स्वयंपाकातून काढा. तारेचा तुकडा चिकात दिसत नाही, घशात टोचतो. ती परसात न्या, वाफ्याची माती चाळायला बरी.