पैसे कापले पण ऑर्डर दिसत नाही: वूकॉमर्सचं दुकान अडलं तर कुठून बघायला लागायचं

आमच्या मावशीचं ऑनलाइन दुकान आहे, मालवणी मसाला, कोकम आगळ, फणसपोळी आणि सीझनला हापूसच्या पेट्या, आणि त्याची साइट मी सांभाळते. साइट वर्डप्रेस या प्रणालीवर बनवलेली आहे आणि त्यावर दुकान चालवणारं वूकॉमर्स हे प्लगइन (साइटला जोडायचा छोटा प्रोग्राम) टाकलेलं आहे. एका एप्रिलमध्ये शनिवारी सकाळी तिचा फोन आला, "अगं लोक म्हणतायत पैसे गेले, आणि मला तर ऑर्डरच दिसत नाहीये." मी घाबरून एकदम चार गोष्टी केल्या, सगळे प्लगइन अपडेट केले, कॅशे (पानांच्या साठवून ठेवलेल्या प्रती) साफ केली, थीम (साइटचा देखावा) बदलून बघितली, एक सिक्युरिटी प्लगइन काढून टाकलं, आणि दुपारपर्यंत मूळ बिघाड कुठला आणि मी करून ठेवलेला कुठला हेच कळेनासं झालं. तेव्हापासून मी एक क्रम पाळते. तोच इथे लिहितेय, कारण घरचं छोटं दुकान चालवणाऱ्या माणसाला एक दिवस साइट बंद राहणं परवडत नाही.

१. आधी बॅकअप, पण कुठला ते समजून घ्या

फाइल्स आणि डेटाबेस दोन्हीचा बॅकअप घ्या, अपड्राफ्टप्लससारखं प्लगइन वापरा नाहीतर होस्टिंगच्या (साइट जिच्या सर्व्हरवर ठेवलीय त्या कंपनीच्या) पॅनेलमधून घ्या. इथे एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. ब्लॉगचा बॅकअप परत टाकला तर काही बिघडत नाही, पण दुकानाचा कालचा डेटाबेस परत टाकला की काल ते आज आलेल्या सगळ्या ऑर्डरी पुसल्या जातात, कारण ऑर्डरी डेटाबेसमध्येच असतात. म्हणून प्लगइनमुळे काही मोडलं असेल तर शक्यतो फक्त फाइल्स परत टाका, किंवा ते एकच प्लगइन आधीच्या व्हर्जनवर न्या. डेटाबेस मागे न्यायची वेळ आलीच तर त्याआधी ऑर्डरींची यादी डाउनलोड करून ठेवा.

२. गिऱ्हाइकाला दिसतं तेच बघा

तुम्ही अ‍ॅडमिन म्हणून लॉगिन असता तेव्हा बऱ्याचदा कॅशे न लागलेलं पान तुमच्यासमोर येतं, त्यामुळे "माझ्याकडे तर बरोबर चालतंय" असं वाटतं. फोनवर इनकॉग्निटो विंडो उघडा, वायफाय बंद करून मोबाइल डेटावर जा, आणि कार्टमध्ये वस्तू टाकून पैसे भरायच्या पानापर्यंत स्वतः जाऊन बघा. तक्रार करणाऱ्याकडून तीन गोष्टी विचारून घ्या, किती वाजता झालं, कुठलं पेमेंट निवडलं होतं आणि पिनकोड काय. बहुतेक वेळा उत्तर या तिघांतच कुठेतरी असतं.

कार्ट रिकामी दिसतेय, किंवा एकाच्या कार्टमधलं दुसऱ्याला दिसतंय, असं झालं तर सरळ कॅशेकडे जा. कार्ट, चेकआउट आणि माय अकाउंट ही तीन पानं कॅशेमधून वगळलेली हवीत, प्लगइनमध्येही आणि साइटच्या पुढे क्लाउडफ्लेअरसारखी पानांच्या प्रती साठवणारी सेवा लावली असेल तर तिथेही.

३. अंदाज नको, लॉग वाचा

वूकॉमर्सच्या मेनूत स्टेटस आहे, त्यात लॉग्स, म्हणजे साइटवर काय घडलं-बिघडलं त्याच्या नोंदी. तिथे "फेटल एरर्स" नावाची नोंद असली तर ती उघडा आणि फक्त फाइलचा पत्ता बघा, पत्त्यात ज्या प्लगइनच्या फोल्डरचं नाव आलं असेल तिथून शोध सुरू करायचा. पेमेंटची प्लगइनंही बहुधा इथेच आपला वेगळा लॉग ठेवतात, फक्त त्यांच्या सेटिंगमध्ये डीबग लॉग चालू करावा लागतो. साइटवर नुसतंच "क्रिटिकल एरर" आलं असेल आणि आतच जाता येत नसेल तर अ‍ॅडमिनच्या ईमेलवर वर्डप्रेसने रिकव्हरी मोडची लिंक पाठवलीय का बघा, ही सोय ५.२ व्हर्जनपासून आहे, त्या लिंकने आत गेलं की गडबड करणारं प्लगइन तेवढं थांबवलेलं असतं. मेल आलाच नाही तर होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमधून प्लगइन्स फोल्डरमधल्या त्या एका प्लगइनच्या फोल्डरचं नाव बदला, ते आपोआप बंद पडतं आणि साइट उघडते.

४. लॉगमध्ये काहीच नसेल तर अर्धे-अर्धे बंद करत जा

हे चालू दुकानावर करू नका, स्टेजिंग कॉपीवर, म्हणजे साइटच्या वेगळ्या ठेवलेल्या नकलेवर करा. बरेच होस्टिंगवाले एका क्लिकवर कॉपी बनवून देतात. कॉपीवर आधी स्टोअरफ्रंट (वूकॉमर्सचीच थीम) किंवा वर्डप्रेसची साधी थीम लावा, बिघाड गेला तर दोष थीममध्ये. नाही गेला तर वूकॉमर्स सोडून अर्धी प्लगइनं बंद करा, बिघाड गेला तर दोषी या अर्ध्यात, नाहीतर उरलेल्यात, मग त्यातली अर्धी. वीस प्लगइनं असतील तरी चार-पाच फेऱ्यांत सापडतं. प्रत्येक फेरीत एकच बदल करायचा आणि वहीत लिहायचा. खरंच कागदावर लिहा, दोन तासांनी आठवत नाही.

स्टेजिंग मिळतच नसेल तर "हेल्थ चेक अँड ट्रबलशूटिंग" नावाचं मोफत प्लगइन आहे, त्यातल्या ट्रबलशूटिंग मोडमध्ये प्लगइनं फक्त तुमच्यापुरती बंद होतात, गिऱ्हाइकाला दुकान नेहमीसारखंच दिसतं. पण पेमेंटच्या भानगडीत त्याचा उपयोग नाही, कारण पेमेंटचा निरोप बाहेरच्या सर्व्हरवरून येतो, तुमच्या ब्राउझरमधून नाही.

आता तो मुख्य त्रास, पैसे गेले पण ऑर्डर "पेंडिंग"

हा नीट समजून घ्या. गिऱ्हाईक यूपीआय निवडतं, अ‍ॅप उघडतं, पिन टाकतं, पैसे जातात, आणि मग ते परत ब्राउझरमध्ये येतच नाही, व्हॉट्सअ‍ॅप बघायला लागतं किंवा फोन खिशात टाकतं. ब्राउझर परत आला असता तर त्याने दुकानाला सांगितलं असतं की पैसे भरले, आता ते कोणी सांगायचं? त्यासाठी वेबहुक असतो, म्हणजे गेटवेचा (ऑनलाइन पैसे स्वीकारून देणाऱ्या कंपनीचा) सर्व्हर थेट आपल्या सर्व्हरला निरोप देतो. तो लावलेला नसेल किंवा मध्येच अडत असेल तर ऑर्डर पेंडिंगच राहते. त्यात वूकॉमर्सच्या इन्व्हेंटरी सेटिंगमध्ये "होल्ड स्टॉक" म्हणून मिनिटं असतात, मुळात ६०, स्टॉक मोजणं चालू असेल तर तेवढ्या वेळाने पैसे न आलेली ऑर्डर आपोआप कॅन्सल होते. म्हणजे माणसाने पैसे भरलेत आणि त्याची ऑर्डर कॅन्सलमध्ये पडलीय. मावशी बघत होती प्रोसेसिंगच्या यादीत, आणि सात ऑर्डरी तिकडे कॅन्सलमध्ये होत्या.

त्या दिवशी आधी माणसांचं बघा. गेटवेच्या डॅशबोर्डवर प्रत्येक पेमेंट शोधा. "कॅप्चर्ड" असेल तर पैसे तुमच्याकडे आलेत, नुसतं "ऑथराइज्ड" असेल तर अडवून ठेवलेत पण अजून घेतलेले नाहीत, ते वेळेत कॅप्चर करा नाहीतर परत जातील. मग ती ऑर्डर उघडा, नोटमध्ये पेमेंटचा नंबर लिहा, स्टेटस प्रोसेसिंग करा, म्हणजे स्टॉकही वजा होतो आणि गिऱ्हाइकाला मेलही जातो. आणि फोन करा हो, ज्याचे पैसे अडकलेत त्याला मेलपेक्षा आवाज ऐकून जास्त धीर येतो.

मग कारण शोधा. गेटवेच्या डॅशबोर्डवर वेबहुकच्या पानावर प्रत्येक निरोपाला आपल्या साइटने काय उत्तर दिलं ते दिसतं. २०० म्हणजे पोचला. ४०३ म्हणजे आपल्याकडच्या कुठल्यातरी सिक्युरिटी प्लगइनने किंवा फायरवॉलने दारातच अडवला, तिथे तो पत्ता परवानगीच्या यादीत टाका. ४०४ म्हणजे पत्ता चुकलाय, डोमेन बदललं की हे हमखास होतं. ५०० च्या घरातलं काही असेल तर निरोप पोचला पण आपला सर्व्हर मधेच कोसळला, पुन्हा लॉगकडे जा. आणि २०० येऊनही ऑर्डर हलत नसेल तर वेबहुकचा सीक्रेट (निरोप खरा आहे हे पटवणारा गुप्त शब्द) दोन्हीकडे एकच आहे का बघा, कॉपी करताना शेवटी एखादी स्पेस येते आणि सगळं अडतं. आमच्याकडे ४०३ होतं. ते सिक्युरिटी प्लगइन मी काढलं होतं हे खरं, पण होस्टिंगची स्वतःची फायरवॉल वेगळी होती, तिथे सपोर्टला सांगून पत्ता खुला करून घ्यावा लागला.

मेल जात नाहीत

मेलचं निदान करायच्या आधी स्टेटस बघा, कारण ऑर्डर पेंडिंग असेल तर गिऱ्हाइकाला कन्फर्मेशनचा मेल जायचाच नसतो. स्टेटस बरोबर असूनही मेल नाही, तर मेल लॉग ठेवणारं एखादं प्लगइन टाका, साइटने मेल पाठवलाच नाही की पाठवून स्पॅममध्ये गेला हे त्यावरून कळतं. स्पॅमचा इलाज म्हणजे एसएमटीपी (मेल पाठवायची पद्धत) प्लगइन लावून रीतसर मेल सर्व्हरमधून पाठवणं, डोमेनच्या डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदवहीत) एसपीएफ आणि डीकेआयएम या मेल खरा आहे हे सांगणाऱ्या नोंदी टाकणं, आणि पाठवणाऱ्याचा पत्ता आपल्या डोमेनचा ठेवणं. तिथे जीमेलचा पत्ता टाकून ठेवलात तर तो मेल संशयास्पदच दिसणार.

"शिपिंग उपलब्ध नाही"

शिपिंग झोन, म्हणजे माल पाठवायच्या दरांसाठी केलेले भाग, वरून खाली तपासले जातात आणि पत्ता ज्या पहिल्या झोनमध्ये बसतो तोच लागतो, पुढचे बघितलेच जात नाहीत. म्हणून वर "भारत" आणि खाली "पुणे" असं लावलं असेल तर पुण्याचा दर कधीच लागणार नाही. बारीक झोन वर, मोठा खाली. पिनकोडच्या रकान्यात ४११ पुढे चांदणी (*) टाकली की ४११ ने सुरू होणारे सगळे पिन येतात. तरी कळेना तर शिपिंग सेटिंग्जमध्ये डीबग मोड आहे, तो चालू केला की कार्टमध्येच कुठला झोन लागला ते लिहून येतं, काम झालं की बंद करा.

या झोनचा एक छान उपयोगही आहे. कॅश ऑन डिलिव्हरी फक्त पुण्यात द्यायची असेल तर वेगळं प्लगइन विकत घ्यायची गरज नाही, पुण्याचा झोन करा, त्यात एक शिपिंग पद्धत ठेवा, आणि कॅश ऑन डिलिव्हरीच्या सेटिंगमध्ये "कुठल्या शिपिंग पद्धतींसाठी" या रकान्यात तेवढी एकच निवडा.

जीएसटी अर्धाच लागतोय

दुकान महाराष्ट्रात असेल तर महाराष्ट्रातल्या गिऱ्हाइकाला सीजीएसटी आणि एसजीएसटी, बाहेरच्याला आयजीएसटी. समजा वस्तूवर ५ टक्के आहे, तर महाराष्ट्रासाठी दोन ओळी टाका, २.५ आणि २.५, आणि राज्याचा रकाना रिकामा ठेवून भारतासाठी एक ओळ ५ ची. चूक होते ती प्रायोरिटीमध्ये. एका प्रायोरिटीला एकच दर लागतो, म्हणून सीजीएसटीला १ आणि एसजीएसटीला २ द्या, दोन्हीला १ दिलंत तर एकच लागेल. आयजीएसटीला १. किमती करासह टाकताय की कराविना हे दुकान उघडतानाच ठरवा, एमआरपीचा माल असेल तर करासह, कारण नंतर ते सेटिंग बदललं तरी आधी टाकलेल्या किमतींचे आकडे बदलत नाहीत. कुठल्या वस्तूला किती टक्के ते मात्र सीएला विचारून लिहा.

छोट्या छोट्या गोष्टी भराभर सांगते. प्रॉडक्टच्या पानावर ४०४ येत असेल तर सेटिंग्जमध्ये पर्मालिंक्स उघडून काहीही न बदलता सेव्ह करा. पाव किलो, अर्धा किलो असे प्रकार टाकलेत आणि वस्तू "उपलब्ध नाही" दिसते, तर बहुधा प्रकारांना किंमत टाकायची राहिलीय. दिवाळीची ऑफर रात्री बाराऐवजी पहाटे साडेपाचला लागली तर साइटचा टाइमझोन यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) आहे, तो कोलकाता करा.

आपल्या सोयीचं करून घेताना

थीमच्या किंवा वूकॉमर्सच्या फाइलमध्ये थेट बदल करू नका, पुढच्या अपडेटला सगळं पुसलं जाईल. चाइल्ड थीम (मूळ थीमवर बसणारी, आपले बदल वेगळे ठेवणारी थीम) करा, आणि बारीकसारीक कोडसाठी कोड स्निपेट्ससारखं प्लगइन वापरा, म्हणजे प्रत्येक तुकडा वेगळा बंद करता येतो. वूकॉमर्सची टेम्प्लेट (पानाची मांडणी ठरवणारी) फाइल चाइल्ड थीममध्ये कॉपी करून बदलली असेल तर अपडेटनंतर स्टेटसच्या पानावर तळाला ती जुनी झालीय का ते सांगितलेलं असतं, ते वाचत जा.

चेकआउटला हात लावायच्या आधी तुमचं चेकआउट कुठल्या जातीचं आहे ते बघा. २०२३ च्या शेवटी आलेल्या वूकॉमर्सच्या ८.३ व्हर्जनपासून नव्या दुकानांना ब्लॉकवालं (एडिटरमध्ये तुकड्यांनी मांडलेलं) चेकआउट मिळतं, जुन्यांकडे शॉर्टकोडवालं (चौकटी कंसातल्या एका ओळीने आणलेलं) असतं, आणि नेटवर सापडणारा रकाने बदलायचा बहुतेक कोड जुन्यासाठी लिहिलेला आहे, तो ब्लॉकवर काहीच करत नाही. किती जणांचे तास यात गेलेत. चेकआउटचं पान एडिटरमध्ये उघडलं की कळतं. ब्लॉक असेल तर पत्त्याच्या भागावर क्लिक करा, बाजूच्या पट्टीत कंपनीचा रकाना काढता येतो आणि फोन नंबर सक्तीचा करता येतो. फोन सक्तीचा कराच, कुरिअरवाला पत्त्यापाशी येऊन फोनच लावतो.

मराठी बटणांसाठी लोको ट्रान्सलेट नावाचं प्लगइन वापरा आणि भाषांतर सेव्ह करताना जागा "कस्टम" निवडा, नाहीतर अपडेटमध्ये जातं. मावशीने "प्रोसीड टू चेकआउट"च्या जागी "पुढे जा, पैसे भरा" करून घेतलं, आणि तिच्या वयाच्या बायकांचे "आता कुठे दाबू?" असे फोन कमी झाले.

कुठलाही बदल केला की मी शेवटी एक खरी ऑर्डर टाकते, सगळ्यात स्वस्त वस्तूची, फोनवरून, यूपीआयने. पैसे गेल्यावर मुद्दाम ब्राउझरमध्ये परत जात नाही, फोन उलटा ठेवते आणि लॅपटॉपवर ऑर्डरींची यादी रिफ्रेश करत बसते. ऑर्डर आपणहून प्रोसेसिंगवर आली आणि मावशीच्या फोनवर मेल वाजला, की मग त्याच ऑर्डरवरून रिफंड करून टाकते.