‘माय ग्रँडफादर आर स्लीपिंग’: मुलांच्या इंग्रजीचा घरच्या घरी सराव कसा घ्यावा

‘माय ग्रँडफादर आर स्लीपिंग.’

माझ्याकडे संध्याकाळी अभ्यासाला येणाऱ्या सातवीतल्या एका मुलीने हे वाक्य लिहिलं. आदल्याच दिवशी तिने ‘इज’ आणि ‘आर’च्या तीस रिकाम्या जागा एकही चूक न करता भरल्या होत्या. खोडायला पेन उचललं, पण आधी तिलाच विचारलं, ‘‘इथे आर का घातलंस गं?’’ ती म्हणाली, ‘‘आजोबा झोपलेत ना! झोपलाय कसं म्हणणार?’’

तिच्या जागी ती बरोबरच होती. मराठीत वडीलधाऱ्यांना आपण मानाने अनेकवचन लावतो. इंग्रजी क्रियापदाला मान देणं माहीत नाही. आजोबा एक, म्हणून ‘इज’. हे तिला दोन मिनिटांत कळलं. पुढे आजीच्या वाक्यात एकदा तेच झालं, पण तेव्हा तिचं तिनेच जीभ चावून खोडलं.

भांडुपला माझ्या घरी पाच-सहा मुलं येतात. कुणी मराठी माध्यमाचं, कुणी सेमी इंग्रजीचं, एकजण इंग्रजी माध्यमाचा. चुका मात्र बऱ्याचशा सारख्या, कारण घरात सगळेच मराठी बोलतात. म्हणून माझं म्हणणं असं की पाचवी ते आठवीच्या मुलाचा सराव घेताना चूक झाली की डोक्यात कुठलं मराठी वाक्य होतं ते आधी विचारावं. खाली सांगितलेलं सगळं त्यावरच उभं आहे. इंग्रजी उदाहरणं मुद्दाम देवनागरीत दिली आहेत, म्हणजे नातवंडांचा अभ्यास घेणाऱ्या आज्यांनाही ती वाचता येतील. वहीत मुलं अर्थातच इंग्रजीत लिहितील.

पायरी 1: वेळ आणि सामान

रोज अर्धा तास, आठवड्यातले पाच दिवस. आईवडील साडेआठच्या लोकलने घरी येत असतील तर तेव्हा अभ्यासाचा विषय काढू नये, सगळेच दमलेले असतात. त्यापेक्षा सकाळी शाळेच्या आधी अर्धा तास काढावा. दुपारची शाळा असेल तर हे सहज जमतं.

सामान थोडंच लागतं. यंदाचं पाठ्यपुस्तक, त्याच्या एक इयत्ता खालचं पाठ्यपुस्तक आणि दोन वह्या. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात. खालच्या इयत्तेचं पुस्तक पाहून मुलाला कमीपणा वाटतो, तरी सुरुवात तिथूनच करावी. अवांतर वाचनासाठी माटुंग्याला किंग्ज सर्कलचे किंवा फ्लोरा फाउंटनचे फूटपाथवरचे पुस्तकवाले आहेत. मूल सोबत न्यावं आणि कुठलंही एक पान वाचायला लावावं. अडलेल्या शब्दागणिक त्याने एक बोट मुडपायचं. पानभरात पाचही बोटं मुडपली तर ते पुस्तक अजून एक वर्ष थांबू शकतं.

पायरी 2: चुकांची वही

दुसरी वही फक्त चुकांची. पानावर तीन रकाने आखायचे: मी काय लिहिलं, माझ्या मनात मराठीत काय होतं, इंग्रजीत काय म्हणतात. मधला रकाना मुलानेच भरायचा. तो रिकामा ठेवून पुढे गेलं तर ही वही म्हणजे नुसती शुद्धलेखनाची शिक्षा होते.

एक नमुना. पहिल्या रकान्यात: ‘आय ॲम लिव्हिंग इन भांडुप सिन्स टू इयर्स.’ दुसऱ्यात: ‘मी दोन वर्षांपासून भांडुपला राहतोय.’ तिसऱ्यात: ‘आय हॅव लिव्ह्ड इन भांडुप फॉर टू इयर्स.’ तिन्ही शेजारी ठेवली की गोम कळते. आपलं ‘पासून’ दोन्हीकडे चालतं, ‘2023 पासून’ आणि ‘दोन वर्षांपासून’. इंग्रजी तिथे दोन वाटा करते. कॅलेंडरवर बोट ठेवता आलं तर ‘सिन्स’, बोटांवर मोजावं लागलं तर ‘फॉर’.

रोज दोन-तीन चुकाच उतरवाव्यात. सगळ्या उतरवायला बसलात तर मूल दुसऱ्या दिवशी वही हरवून येईल.

पायरी 3: आठवड्याला व्याकरणाचा एकच मुद्दा

एका आठवड्यात काळ, शब्दयोगी अव्ययं आणि प्रयोग असं सगळं कोंबू नये. मी घेते ते चार मुद्दे सांगते. क्रम तुमच्या मुलाच्या चुकांवरून ठरवा.

पहिला ‘अ’ आणि ‘ॲन’. मुलं ए, ई, आय, ओ, यू ही पाच अक्षरं पाठ करतात आणि ‘ॲन युनिफॉर्म’ लिहून मोकळी होतात. नियम अक्षराचा नसून उच्चाराचा आहे, आणि उच्चार पाहायला देवनागरीसारखं दुसरं साधन नाही. शब्द देवनागरीत लिहायचा. सुरुवात स्वराने झाली तर ‘ॲन’, व्यंजनाने झाली तर ‘अ’. युनिफॉर्ममध्ये ‘य’ आला, म्हणून ‘अ युनिफॉर्म’. आवरमध्ये ‘आ’ आला, म्हणून ‘ॲन आवर’. स्पेलिंगमधला एच मुका आहे, त्याला विचारायचं नाही. ‘वन-रुपी कॉइन’ला ‘व’ आहे, म्हणून ‘अ’. मग रस्त्यावर खेळायचं: ‘अ बेस्ट बस’, पण ‘ॲन एसटी बस’. ‘अ बीएमसी स्कूल’, पण ‘ॲन एमएलए’. इंग्रजी माध्यमाच्या मुलांना हे कोणी सांगत नाही, आपल्या मुलांना मात्र आयतं हातात आहे.

दुसरा ‘डिड’. ‘डिड यू वेंट?’ ही चूक घरोघरी. मराठीत प्रश्न करायला वाक्याच्या शेवटी ‘का’ जोडला की झालं, क्रियापदाला हात लावावा लागत नाही: ‘तू गेलास.’ ‘तू गेलास का?’ मूल इंग्रजीतही तेच करतं, ‘डिड’ला ‘का’ समजून पुढे लावतं आणि ‘वेंट’ तसंच ठेवतं. मी सांगते, भूतकाळाचं तिकीट एकाच माणसाने काढायचं. ‘डिड’ने काढलं ना, मग ‘गो’ने परत काढायचं नाही. ‘डज’चंही तसंच. ‘ही गोज’ मधला ‘एस’ प्रश्नात ‘डज’कडे जातो, म्हणून ‘डज ही गो?’ रोज पाच साधी वाक्यं द्यावीत. त्यांचे प्रश्न करायचे आणि मग प्रश्नांची परत वाक्यं. उलटं येणं महत्त्वाचं, त्याचं कारण पुढे उताऱ्यात दिसेल.

तिसरा आपला ‘ला’. हा मुद्दा मला सगळ्यात आवडतो. मुलाला ही पाच वाक्यं लिहायला सांगा:

मी सकाळी सातला उठतो.
मी दादरला उतरतो.
मी आईला फोन करतो.
मी सुट्टीत गावाला जातो.
मला भूक लागते.

पाचही ठिकाणी ‘ला’. आता इंग्रजी करा. सातला म्हणजे ‘ॲट सेव्हन’. दादरला उतरतो म्हणजे ‘गेट ऑफ ॲट दादर’. आईला फोन करतो, ‘आय कॉल माय मदर’, इथे काहीच नाही, ‘ला’ गायब. गावाला, ‘टू माय व्हिलेज’. आणि भुकेच्या वाक्यात तर ‘मला’चा ‘आय’ होऊन तो वाक्याच्या तोंडाशी जाऊन बसतो, ‘आय फील हंग्री’. ‘ला म्हणजे टू’ असं पाठ केलेल्या मुलाचे डोळे इथे उघडतात. पुढच्या आठवड्यात ‘ने’ घ्या, मग ‘शी’. ‘मी त्याच्याशी चर्चा केली’ म्हणताना ‘विथ’ येतो, पण ‘त्याबद्दल चर्चा केली’चं ‘डिस्कस अबाउट’ होत नाही, नुसतं ‘डिस्कस’.

चौथा मुद्दा शब्दांच्या क्रमाचा. ‘कुत्र्याने मांजराला पळवलं’ आणि ‘मांजराला कुत्र्याने पळवलं’, दोन्हीत पळालं मांजरच. आपल्याकडे विभक्ती कामाला असते, शब्द कुठेही बसले तरी चालतं. इंग्रजीत ‘डॉग’ आणि ‘कॅट’ जागा बदलतील तर कुत्रा पळेल. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर शब्द लिहून कापावेत आणि जमिनीवर मांडायला द्यावेत. पाचवीच्या मुलांना पुरेसं आहे. आठवीच्यांना ते पोरकट वाटतं.

पायरी 4: उतारा

मुंबईची पुष्कळ मुलं इंग्रजी घडाघडा वाचतात. आईवडील खूश होतात. वाचून झाल्यावर ‘‘काय होतं रे त्यात?’’ विचारा. बहुतेक वेळा मूल पुन्हा पुस्तकात डोकं घालतं. म्हणून उतारा आधी मनात वाचायचा, शब्दकोश बंद. मग पुस्तक मिटून, काय कळलं ते मराठीत सांगायचं, शेजारच्या मावशींना सांगतो तसं. मराठीत सांगता आलं नाही तर प्रश्नांकडे जायचंच नाही, परत वाचायचं. ‘इंग्रजीच्या तासाला मराठी नको’ हे मला पटत नाही. कळलं की नाही हे तपासायला मुलाकडे याहून बरी भाषा नाही.

एक छोटा उतारा करून पाहू. मोठ्याने वाचा:

‘ऑन द सिक्स्टीन्थ ऑफ एप्रिल 1853, अ ट्रेन लेफ्ट बोरीबंदर फॉर ठाणे. इट हॅड फोर्टीन कॅरिजेस अँड थ्री इंजिन्स. अबाउट फोर हंड्रेड गेस्ट्स सॅट इन इट. द डिस्टन्स वॉज थर्टी-फोर किलोमीटर्स.’

पहिल्याच वाक्यात पाय घसरतो. ‘लेफ्ट’ म्हणजे डावा, असं मूल सांगतं, आणि गाडी बोरीबंदरच्या डावीकडे जाते. रागवू नका. विचारा, या वाक्यात क्रियापद कुठे आहे? दुसरं सापडत नाही, म्हणजे ‘लेफ्ट’च क्रियापद: निघाली. आणि ‘फॉर ठाणे’? ‘ठाण्याला’. परत आपला ‘ला’, या वेळी ‘फॉर’च्या वेषात. चुकांच्या वहीत त्याची नोंद झालीच पाहिजे.

‘कॅरिजेस’ अडलं तर अंदाज करायला लावा. गाडीला चौदा आहेत, इंजिनं नाहीत, मग काय? डबे. अंदाज आधी, शब्दकोश नंतर, आणि एका उताऱ्यात तीनपेक्षा जास्त शब्द शोधायचे नाहीत. तिसऱ्या वाक्यातल्या ‘इट’पासून पेन्सिलीने बाण काढून तो ज्याच्याबद्दल आहे त्या शब्दापर्यंत न्यायचा. मोठ्या उताऱ्यात ‘ही’, ‘दे’, ‘दिस’ सगळ्यांना बाण. अर्धी गडबड इथेच निस्तरते.

आता प्रश्न. मुलांनी त्यांना नावं ठेवली आहेत: दाखव, जोड, ओळख. ‘डबे किती होते?’ हा ‘दाखव’, ओळीवर बोट ठेवलं की झालं. ‘एका डब्यात साधारण किती माणसं बसली असतील?’ हा ‘जोड’. चौदा एका वाक्यात, चारशे दुसऱ्या; भागाकार केला की अठ्ठावीस-एकोणतीस येतात. ‘लोक तिकीट काढून बसले होते का?’ हा ‘ओळख’. उताऱ्यात तिकिटाचा उल्लेखच नाही. पण ‘पॅसेंजर्स’ न म्हणता ‘गेस्ट्स’ म्हटलंय. पाहुणे, म्हणजे बोलावलेले, तिकीट कशाला काढतील? ‘ओळख’च्या उत्तराला पुरावा म्हणून उताऱ्यातला एक शब्द द्यायचाच, नाहीतर मुलं मनाला येईल ते ठोकून देतात. प्रत्येक उताऱ्यावर मुलाने स्वतःही तीन प्रश्न काढावेत, तिन्ही जातींचा एकेक. प्रश्न काढताना जास्त शिकतात, असं मी पाहिलंय.

उत्तर पूर्ण वाक्यात लिहायचं ते प्रश्नातूनच उचलून. ‘हाउ मेनी कॅरिजेस डिड द ट्रेन हॅव?’ याचं उत्तर ‘द ट्रेन हॅड फोर्टीन कॅरिजेस.’ ‘डिड’ उतरून गेला, तिकीट ‘हॅव’ला परत मिळालं, त्याचा ‘हॅड’ झाला. प्रश्नाचं वाक्य करायचा तो रोजचा सराव इथे कामी येतो. तो नसला की मुलं ‘द ट्रेन डिड हॅव्ह फोर्टीन’ अशी खिचडी लिहितात.

पायरी 5: लोकलमधली पाच मिनिटं

लोकलमधली घोषणा मराठी, हिंदी आणि इंग्रजीत होते. ‘नेक्स्ट स्टेशन, घाटकोपर’ ऐकलं की मुलाने ते पूर्ण वाक्य करायचं: ‘द नेक्स्ट स्टेशन इज घाटकोपर.’ गाडी सुटली की भूतकाळ: ‘द लास्ट स्टेशन वॉज घाटकोपर.’ उभं राहायला जागा असेल तर डब्यातली एक इंग्रजी पाटी वाचून तिचा अर्थ मराठीत सांगायचा. सकाळच्या गर्दीत हे करू नये, लोक चिडतात.

पायरी 6: परीक्षा जवळ आली की

शिष्यवृत्ती परीक्षेला बसणाऱ्या मराठी माध्यमाच्या मुलांना दुसऱ्या पेपरात बुद्धिमत्ता चाचणीच्या जोडीला इंग्रजीचे 25 प्रश्न असतात, 50 गुणांचे, सगळे बहुपर्यायी. तिथे घरच्यापेक्षा उलटं करायचं: आधी प्रश्न वाचायचे, मग उतारा. ‘दाखव’चे प्रश्न पटापट उडवायचे. ‘ओळख’मध्ये चारांतले दोन पर्याय सहसा लगेच गळतात, उरलेल्या दोघांपैकी ज्याला उताऱ्यात शब्दाचा आधार आहे तो घ्यायचा. घड्याळ लावून सराव शेवटचे तीन आठवडेच करावा. आधीपासून घड्याळ लावलं की मूल अंदाजपंचे गोळे रंगवायला शिकतं.

महिना झाला की पहिल्या आठवड्यातला उतारा पुन्हा द्या, जुनी उत्तरं झाकून. मग चुकांची वही उघडून तेव्हाचं पान शेजारी ठेवा आणि मधल्या रकान्यातलं कुठलं मराठी वाक्य आजही डोकावतंय ते मुलालाच शोधू द्या. पुढच्या आठवड्याचा मुद्दा तोच घ्यायचा.